मापात पाप

गेल्या पावसाळ्यात आईच्या खालच्या उजव्या दाढेवरची कॅप काढावी लागली. बसवून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. दुखत काहीच नव्हतं. दाढेचं रूट कॅनल झालेलं, म्हणजे आतली नस काढलेली. अशी दाढ किडली तरी ओरडत नाही. तिथं अन्न अडकतं आणि हिरडी सारखी सुजते, एवढीच आईची तक्रार होती. महिनाभर आम्ही मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर भागवलं. मग कोल्हापुरातल्याच दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढला, कॅप कापून काढली आणि मला आत बोलावून आरशात दाखवलं. दाढेच्या मागच्या बाजूला कॅपची कड दाताला जिथं भिडायला हवी होती, तिथं ती भिडलीच नव्हती. किंचित आखूड पडली होती. त्या फटीतून कीड आत शिरली होती.

"लॅबवाल्यानं मार्जिन नीट पकडलेली नाही," डॉक्टर म्हणाले.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. रागवायला कुणीतरी मिळालं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे 'गिट ब्लेम' नावाची एक कमांड असते. ती चालवली की कोडमधली कुठली ओळ कुणी, कधी लिहिली ते समोर येतं. काही बिघडलं की पहिला हात तिकडेच जातो. नाव कळलं की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं, बिघाड अजून तसाच असला तरी.

माझा आतेभाऊ शाहूपुरीतल्या एका डेंटल लॅबमध्ये बारा वर्षं काम करतोय. आईची कॅप त्याच्या लॅबची नव्हती. मी त्याला त्या कापलेल्या कॅपचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'बघ तुमच्या धंद्यातली माणसं काय करतात.'

दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. "कॅपचा फोटो बघून मी काय सांगू? माप बघितलंस का तू?"

"कसलं माप?"

"रविवारी ये लॅबवर. दाखवतो."

*

पेशंटच्या भाषेत ते 'माप', डॉक्टरांच्या भाषेत इम्प्रेशन. दाढ चारही बाजूंनी घासून बारीक करतात, कॅपला जागा व्हावी म्हणून. घासलेला भाग जिथं संपतो आणि मूळ दात सुरू होतो, ती रेघ म्हणजे मार्जिन. कॅपची कड बरोबर त्या रेघेवर बसायला हवी. पुढं गेली तर हिरडीत घुसते, मागं राहिली तर फट पडते. बऱ्याचदा ही रेघ हिरडीच्या आत असते. म्हणून डॉक्टर हिरडी आणि दात यांच्यामध्ये बारीक दोरा सरकवतात, हिरडी थोडी बाजूला होते, आणि तेवढ्या वेळात सिलिकॉनचा मसाला भरलेला ट्रे दाबून माप घेतात. तिथं रक्त आलं किंवा लाळ साचली, तर मसाला नेमका त्या रेघेवर फुगा धरतो किंवा ओघळतो.

ते माप लॅबमध्ये येतं, त्यात प्लॅस्टरसारखा पण कितीतरी कडक असा डायस्टोन ओततात, आणि दाढेची प्रतिकृती तयार होते. दादाच्या टेबलावर अशा तीस-चाळीस दाढा ओळीनं होत्या. प्रत्येकीखाली चिठ्ठी. त्यानं एक उचलली, भिंगाखाली धरली आणि लाल पेन्सिलनं मार्जिनवरून रेघ ओढायला लागला. तीन बाजूंनी पेन्सिल सरळ गेली. चौथ्या बाजूला थांबली.

"दिसतंय काय?"

मला काहीच दिसत नव्हतं. तिथं दगड नुसता गुळगुळीत उतरत गेला होता. दात कुठं संपला आणि हिरडी कुठं सुरू झाली, काही कळत नव्हतं.

"आता मी काय करू?" त्यानं विचारलं आणि स्वतःच बोटं मोजली. "एक, माप परत पाठवायचं. दोन, डॉक्टरांना फोन करायचा. तीन, अंदाजानं रेघ ओढायची. तिसऱ्याला दोन सेकंद लागतात. आणि कुणाला कळत पण नाही."

चुकायला किती वाव असतो, हे मी नंतर वाचलं. १९७१ साली मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या दोघांनी हजारावर कॅप-फिलिंगं पाच वर्षं तपासून एक आकडा दिला होता : कड आणि दात यांच्यातली फट १२० मायक्रॉनपर्यंत चालून जाते. आजही दंतवैद्यकाच्या अभ्यासात तो आकडा येतो. १२० मायक्रॉन म्हणजे साधारण दीड-दोन केसांची जाडी. दादाची पेन्सिल जिथं थांबली होती, तिथं अर्धा मिलिमीटर इकडे की तिकडे हाच प्रश्न होता. अर्धा मिलिमीटर म्हणजे ५०० मायक्रॉन.

'मापात पाप' हा शब्द आपण दूधवाल्याच्या लिटरबद्दल आणि पेट्रोल पंपाबद्दल वापरतो. मोजणाऱ्याला बरोबर माप माहीत असतं आणि तो मुद्दाम कमी देतो, ते पाप. इथं बरोबर माप कुणालाच माहीत नाही, आणि मुद्दाम तर कुणीच काही करत नाही. तरी माझ्या आईच्या दाढेत कीड शिरली. मग यात पाप आहे का? असलं तर कुठं आहे?

*

आमच्या कोल्हापूरला साच्यांचं नवल नाही. शिरोलीच्या फाउंड्र्यांमध्ये पॅटर्नवरून वाळूचे साचे बनतात आणि त्यात लोखंड ओततात. गुजरीतल्या सोनाराचं आणि दादाचं तर नातंच आहे. मेणाचा नमुना करायचा, त्याभोवती साचा बांधायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, ही सोनारकामातली फार जुनी रीत शिकागोच्या विल्यम टॅगर्टनं १९०७ साली दातांच्या कामात रूढ केली. धातूच्या कॅपा कित्येक वर्षं अशाच बनत आल्या.

फरक एवढाच, की सोनारासमोर बोट असतं. पाटली घट्ट झाली तर बाई तिथल्या तिथं म्हणते, "जरा सैल करा की." पूर्वी चप्पल करून घ्यायची तर कारागीर पाय कागदावर ठेवायला लावायचा आणि भोवतीनं रेघ मारायचा. करणारा आणि घालणारा एकमेकांना बघत होते. चूक झाली तर ती समोरासमोर निघत होती.

दादानं बारा वर्षांत हजारो माणसांचे दात केले. त्यातल्या कुणालाही त्यानं दात घातल्यावर बघितलेलं नाही. त्याच्यापर्यंत पोचतो एक दगडी साचा आणि एक चिठ्ठी. त्यानं मला ढिगातली एक चिठ्ठी दाखवली. तिच्यावर पेशंटचं आडनाव होतं आणि खाली '४६, झिरको, ए२, अर्जंट'. बस्स. माणूस तीस वर्षांचा की सत्तरीचा, दात खातो का, समोरच्या जबड्यात काय आहे, काही नाही.

या चार शब्दांतही घोटाळ्याला जागा आहे. ४६ म्हणजे खालची उजवी पहिली दाढ, कारण आपल्याकडे बहुतेक डॉक्टर एफडीआयची दोन आकड्यांची पद्धत वापरतात : पहिला आकडा जबड्याचा कोपरा, दुसरा दात. अमेरिकेत एक ते बत्तीस असे सलग नंबर देतात. त्यामुळे '११' लिहिलं तर आपल्याकडे तो वरचा उजवा समोरचा दात, आणि अमेरिकेत वरचा डावा सुळा. आकडा तोच, दात वेगळा. ए२ हा रंग. 'व्हिटा'च्या नेहमीच्या पट्टीत सोळा छटा असतात, ए१पासून डी४पर्यंत. पण दात कोरडा पडला की तो जास्त पांढरा दिसतो. डॉक्टरांनी रंग दात घासायच्या आधी जुळवला की अर्धा तास तोंड उघडं ठेवल्यावर, खिडकीच्या उजेडात की पिवळ्या दिव्याखाली, हे चिठ्ठीत नसतं.

मी म्हटलं, "आता स्कॅनर आलेत ना. तोंडातच कॅमेरा फिरवायचा आणि थेट फाइल पाठवायची. मसाला नको, दगड नको."

दादा हसला आणि त्यानं कॉम्प्युटरवर एक स्कॅन उघडला. तिथंही मार्जिनची रेघ ओढावी लागते, माउसनं. जिथं रक्त होतं तिथं स्कॅनमध्येही नुसता गोळा दिसतो. सॉफ्टवेअर स्वतःच रेघ सुचवतं, आणि गोळ्यावरूनही बिनदिक्कत सुचवतं. मला आणखी एक गंमत माहीत होती. हे स्कॅन बऱ्याचदा एसटीएल प्रकारच्या फाइलमधून जातात. त्या फाइलमध्ये फक्त त्रिकोण असतात. रंग नसतो. आकडे मिलिमीटरमधले की इंचातले, हेसुद्धा ती फाइल सांगत नाही. मिलिमीटर असणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं. म्हणजे तिथंही अंदाज आहेच. फक्त तो सगळ्यांचा सारखा आहे म्हणून चालतो.

*

इंजिनिअरिंगला असताना तत्त्वज्ञान वगैरे आम्हाला नव्हतं. नंतर स्वतःच वाचताना भारतीय न्यायदर्शनातली एक यादी माझ्या डोक्यात बसली. आपल्याला एखादी गोष्ट कळते ती चार मार्गांनी : प्रत्यक्ष, म्हणजे स्वतः बघून. अनुमान, म्हणजे डोंगरावर धूर दिसला तर तिथं आग असणार असं ताडून. उपमान, म्हणजे साधर्म्यावरून. आणि शब्द, म्हणजे विश्वासू माणसानं सांगितलं म्हणून. या चौघांनाही न्यायदर्शन प्रमाण मानतं. अनुमान हे काही खालच्या दर्जाचं, लाजिरवाणं ज्ञान नाही.

कॅपच्या साखळीला हे लावून बघितलं. डॉक्टरांकडे प्रत्यक्ष आहे, त्यांनी दाढ बघितली. दादाकडे शब्द आहे, म्हणजे ती चिठ्ठी आणि तो साचा. साच्यात रेघ बुजलेली असेल, तर शब्द अर्धवट आहे. मग तो अनुमान करतो. तीन बाजूंची रेघ कशी गेली, हे डॉक्टर साधारण किती घासतात, यावरून चौथी बाजू ताडतो. इथपर्यंत काहीच चुकीचं नाही. त्याची बारा वर्षं त्या अनुमानात आहेत, आणि बऱ्याचदा ते बरोबर येतं.

गडबड पुढच्या पायरीवर आहे. चकचकीत कॅप डबीत बसून डॉक्टरांकडे परत जाते, तेव्हा तिच्या तीन बाजू बघून केलेल्या असतात आणि एक बाजू ताडून. पण चारही सारख्याच चमकतात. कुठली बाजू कुठली, ते कॅपवर लिहिलेलं नसतं. डॉक्टर ती कॅप हातात घेतात तेव्हा लॅबनं सगळं बघून केलंय असं धरून चालतात. अनुमान प्रत्यक्षाचे कपडे घालून त्यांच्यासमोर उभं राहतं.

मला वाटतं, पाप इथं आहे. अंदाज करण्यात नाही, अंदाज आहे हे न सांगण्यात. तोंडातून एकही खोटा शब्द गेलेला नाही, म्हणून हे खोटं वाटत नाही. पण समोरच्यानं चुकीचं धरून चालावं आणि आपण ते धरू द्यावं, याला दुसरं काय म्हणायचं?

यावर कुणी म्हणेल, की प्रत्येक कामात अंदाज असतो, प्रत्येक अंदाज सांगत बसलो तर काम कधी होणार? बरोबर आहे. आचारी मीठ अंदाजानंच टाकतो. पण आचाऱ्याची आमटी आपण ताटात घेऊन चाखतो, कमी असलं तर वरून घेतो. दाढेची मागची कड आईला दिसत नाही, तिथं तिची जीभ पोचत नाही, आणि नस काढलेली असल्यामुळे ती दुखतही नाही. अंदाजाचा परिणाम ज्याच्यावर होणार, त्याला तो स्वतः तपासता येत नसेल, तर सांगण्याची जबाबदारी वाढते. मला हा नियम पटतो.

मी हे सगळं दादाला जरा जोरातच ऐकवलं. म्हटलं, "म्हणजे फोन करायलाच पाहिजे. न करणं म्हणजे खोटं बोलणंच."

तो पॉलिश करत होता. मशीन बंद करून म्हणाला, "तू कधी डॉक्टरांना फोन केलायस?"

*

त्यानं सांगितलेली गोष्ट अशी. लॅबमध्ये लागल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यानं एका डॉक्टरांना फोन केला होता, की सर, मार्जिन दिसत नाही, माप परत घ्याल का. डॉक्टरांच्या खुर्चीत पेशंट होता. ते म्हणाले, "इतकी वर्षं माझी मापं चालतात, तुलाच कशी दिसत नाही?" आणि फोन ठेवला. माप परत आलं नाही. पुढच्या महिन्यापासून त्या दवाखान्याचं कामच यायचं बंद झालं, आणि मालकानं दादाला विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं फोन करायला?"

१९४८च्या डेंटिस्ट्स अॅक्टमध्ये दादासारख्या माणसाला नाव होतं 'डेंटल मेकॅनिक'. त्यानं दात बनवायचे आणि दुरुस्त करायचे, तोंडात हात घालायचं काम डेंटिस्टचं. २०२३ साली संसदेनं त्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा आणला. पेशंटच्या सुरक्षेसाठी ही वाटणी योग्यच आहे. पण मेकॅनिक या शब्दाबरोबर एक पायरीही आपोआप येते. डॉक्टर 'सर' असतात आणि लॅबवाला 'अरे' असतो. परत करायला लागलेल्या कॅपचे पैसे बऱ्याचदा लॅबच्याच खिशातून जातात. आणि गल्लीच्या टोकाला दुसरी लॅब असतेच. ती काही विचारत नाही.

माझा सरळसोट नियम इथं अडखळला. विचारणं हे कर्तव्य आहे खरं, पण ते सगळ्यांना सारख्या किमतीत पडत नाही. डॉक्टरांनी लॅबला फोन केला तर त्यांचं काही जात नाही. लॅबवाल्यानं डॉक्टरांना केला तर महिन्याचं काम जाऊ शकतं. ज्याला विचारणं सगळ्यात महाग पडतं, त्याच्याच डोक्यावर विचारण्याचं सगळं ओझं टाकून आपण मोकळे झालो, तर ती नीती नाही, सोय आहे.

न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनानं विश्वासू, म्हणजे 'आप्त', कुणाला म्हणायचं ते सांगितलंय. ज्यानं गोष्ट स्वतः जाणलेली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढं तो म्हणतो, की ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ सगळ्यांना सारखीच लागू. म्हणजे माणूस कुठल्या पायरीवर उभा आहे, यावर त्याच्या शब्दाची किंमत ठरत नाही. त्या साच्यात रेघ दिसते की नाही, याबाबत आप्त दादा आहे, डॉक्टर नव्हेत. कारण भिंगाखाली त्यानं बघितलंय. 'तुलाच कशी दिसत नाही' या एका वाक्यानं त्याचं ते आप्तपण काढून घेतलं. पुढच्या वेळी त्यानं विचारलं नाही यात नवल काय?

तेव्हा पापाचे दोन भाग आहेत. एक, अंदाज लपवणं. दुसरं, समोरच्याला तो लपवावाच लागेल अशी हवा तयार करणं. दुसरं मला जास्त मोठं वाटतं, कारण पहिलं त्याच्यातून जन्मतं.

आणि हे वाक्य मनात पुरं होता होता मला ती मार्चमधली शनिवारची सकाळ आठवली.

*

आईच्या पहिल्या कॅपचं माप घेतलं तेव्हा मी तिथंच होतो. पुण्याहून शुक्रवारी रात्रीच्या बसनं आलो होतो. दाढ घासून झाल्यावर डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले होते, "हिरडीतनं रक्त येतंय. आठ दिवस तात्पुरती कॅप लावू, हिरडी बसली की माप घेऊ. चांगलं येईल."

मी म्हणालो होतो, "आजच घ्या ना डॉक्टर. पुढच्या आठवड्यात माझं रिलीज आहे, मला येता येणार नाही. आईला एकटीला जमायचं नाही."

आईला एकटीला व्यवस्थित जमलं असतं. राजारामपुरीतून दवाखाना चालत दहा मिनिटांवर आहे. डॉक्टर क्षणभर थांबले. मग आत गेले आणि माप घेतलं.

त्या मापात मागची रेघ दिसत होती की नाही, मला माहीत नाही. त्या लॅबमध्ये कुणाची पेन्सिल थांबली होती का, हेही मला कधी कळणार नाही. साचा केव्हाच कचऱ्यात गेला असेल. पण रक्त येत होतं आणि तरी माप घेतलं, एवढं मी प्रत्यक्ष ऐकलं होतं. दीड वर्षानं दुसऱ्या डॉक्टरांनी 'लॅबची चूक' म्हटलं तेव्हा मला जे बरं वाटलं होतं, त्याचं कारण आता वेगळंच दिसायला लागलं. गिट ब्लेम चालवलं असतं तर पहिल्या ओळीवर माझं नाव आलं असतं.

याचा अर्थ डॉक्टर सुटले असा नाही. पेशंटचा मुलगा घाई करतो म्हणून ऐकायचं नसतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. निदान चिठ्ठीवर एक ओळ तरी लिहायची होती, की रक्त होतं, मागची बाजू नीट बघा. पण मी त्यांच्यासाठी 'थांबू या' म्हणणं महाग करून ठेवलं, आणि त्यांनी कदाचित लॅबसाठी 'दिसत नाही' म्हणणं महाग करून ठेवलं होतं. प्रत्येकानं आपल्यावरचा दाब खालच्या माणसाकडे सरकवला. सगळ्यात शेवटी होती आईची दाढ. ती कुणाला काही म्हणू शकत नव्हती, कारण तिची नसच काढलेली होती.

*

"मग आता तू काय करतोस? रेघ दिसली नाही तर?" मी दादाला विचारलं.

त्यानं एक तयार डबी उघडून दाखवली. आत कॅप होती आणि परत जाणारी चिठ्ठी. चिठ्ठीवर लाल पेननं लिहिलं होतं : 'मागची मार्जिन अंदाजे धरली आहे. बसवताना बघून घ्यावे.'

"सगळे वाचतात?"

"निम्मे. पण जे वाचतात ते सिमेंट लावायच्या आधी तिथं सळई फिरवून बघतात. फट लागली तर परत माप पाठवतात. तेवढी एक कॅप वाचली की."

मला आधी वाटलं, ही पळवाट आहे. अॅपच्या नियम-अटींसारखी. लिहून ठेवलं होतं, आता आम्ही जबाबदार नाही. पण विचार केल्यावर फरक दिसला. नियम-अटी कुणी वाचू नयेत म्हणून लिहिलेल्या असतात, आणि गोष्ट बिघडल्यावर बाहेर काढायच्या असतात. दादाची ओळ कॅप चिकटवण्याआधी वाचली जावी म्हणून लिहिलेली आहे, आणि ती नेमकी जागा सांगते. तिच्यामुळे निर्णय परत त्या माणसाकडे जातो, ज्याला तोंडात बघता येतं. अंदाजाखाली सही केल्यासारखं आहे हे.

त्यानं दुसऱ्या एका दवाखान्याच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठाही दाखवला. एका बाई डॉक्टरांच्या. प्रत्येकीवर पेशंटचं वय, सवयी, रंग कुठल्या उजेडात बघितला ते. रंगपट्टी दाताला लावून काढलेला फोटो व्हॉट्सअॅपवर. आणि तळाला शिक्का मारून घेतलेला : 'शंका असल्यास रात्री नऊपर्यंत फोन करा.'

"किती वेळा करतोस?"

"महिन्यात एखाद-दुसऱ्यांदा. पण त्या शिक्क्यामुळं करता येतो."

*

पुण्याला परत आल्यावर मी माझी एक जुनी रेघ उघडून बसलो. वर्षभरापूर्वी एका कारखान्याच्या पगाराच्या सिस्टीममध्ये मी शिल्लक रजेच्या पैशांचा हिशेब लिहिला होता. कागदावर लिहिलं होतं, 'एका दिवसाच्या पगाराप्रमाणे'. एक दिवस म्हणजे महिन्याच्या पगाराला तिसानं भागायचं की सव्वीसनं? दोन्ही पद्धती चालतात. १५,६०० पगार असेल तर तिसानं ५२० येतात, सव्वीसनं ६००. दिवसाला ८० रुपयांचा फरक. मी तीस धरले. विचारलं नाही, कारण गुरुवारी रिलीज होतं आणि मीटिंगमध्ये क्लायंटचे मोठे साहेब होते. त्या कारखान्यातल्या कुणालाही मी बघितलेलं नाही. त्यांना स्लिपवर एक आकडा दिसतो. तो मी ताडलेला आहे हे त्यांना कसं कळणार?

मी मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, "वर्ष झालं त्याला. आता कशाला उकरून काढतोस?" मग दोन दिवसांनी त्यांनीच मेल पुढं पाठवला. उत्तर आलं, सव्वीस. मागचा फरक काढून द्यायचा ठरला, आणि ते जास्तीचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. तीन शनिवार गेले. कुणी शाबासकी दिली नाही, आणि द्यायचं कारणही नव्हतं. आता नवं काम हातात घेताना मी कोडच्या वर एक ओळ लिहितो : हे हे मी धरून चाललो आहे, चूक असेल तर सांगा. आणि माझ्या हाताखाली आलेल्या दोन फ्रेशर्सना पहिल्याच दिवशी सांगितलं, की प्रश्न कितीही साधा वाटला तरी रात्री नऊपर्यंत फोन करा. एकानं पहिल्याच आठवड्यात चार वेळा केला. चौथ्या वेळी मला वैताग आला होता. तो आवाजात येऊ न देणं किती अवघड असतं, ते तेव्हा कळलं.

आईची नवी कॅप नुकतीच बसली. या वेळी डॉक्टर म्हणाले आठ दिवस थांबू, तेव्हा आम्ही दोन आठवडे थांबलो. आई प्रत्येक वेळी एकटीच चालत गेली. बसवायच्या दिवशी मी होतो. डॉक्टरांना विचारलं, "लॅबमधून मापाबद्दल काही निरोप होता का?"

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. कुठलाही पेशंट हे विचारत नसणार. मग डबीतली चिठ्ठी काढून उलटी-पालटी केली. "नाही, काही लिहिलेलं नाही," म्हणाले. आणि तरीही सळई घेऊन चारही बाजूंनी एकदा सावकाश फिरवून बघितली.